आयपीएस पेशी, स्टेम सेलची जाहिरात आणि सीमाभागातला रुग्ण: पैसे भरण्याआधी काय काय तपासायचे

पॅरालिसिस, पार्किन्सन, मधुमेह, गुडघेदुखी, ऑटिझम, डोळ्याच्या पडद्याचा आजार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात यांपैकी काही घरात आले की आज ना उद्या कुणीतरी ‘स्टेम सेल’चे नाव काढतेच. कधी मुंबईचा भाचा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवतो, कधी पेपरातून पत्रक पडते, कधी मंगल कार्यालयात मोफत तपासणी शिबिर भरते. तपासणी मोफत असते हे खरे. पुढचे पॅकेज मात्र लाखांत जाते आणि त्यासाठी जमिनीचा तुकडा विकायचीही माणसे तयारी करतात. “दाखवून तरी बघूया की, अण्णा” या वाक्यापुढे घरातला शहाणा माणूसही गप्प होतो.

अशा व्हिडिओंत बहुधा जपानचे नाव असते, नोबेल पारितोषिकाचा उल्लेख असतो, माणसाच्या कातडीपासून हवी ती पेशी बनवता येते असे सांगितलेले असते. हे सगळे खरे आहे. फक्त त्या संशोधनाचा आणि समोरच्या पॅकेजचा बहुतेक वेळा काहीएक संबंध नसतो. तो आहे की नाही हे ओळखायला डॉक्टर असावे लागत नाही. कातडीची पेशी औषध होईपर्यंत कुठल्या टप्प्यांतून जाते हे एकदा समजून घ्या. मग त्याच टप्प्यांवर बोट ठेवून प्रश्न विचारता येतात. म्हणून आधी थोडे विज्ञान, मग कागद.

सुरुवातीलाच विचारा: पेशी कुठली?

‘स्टेम सेल’ म्हणजे मूलपेशी, जिच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होऊ शकतात. या एका नावाखाली निदान चार वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात.

पहिली, रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी. या अस्थिमज्जेत असतात. बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणजे याच पेशींचे रोपण. थॅलेसेमिया, ॲप्लास्टिक ॲनिमिया, काही प्रकारचे रक्ताचे कर्करोग यांवर तो अनेक दशके सिद्ध झालेला उपचार आहे.

दुसरी, मेसेन्कायमल पेशी. पोटाची चरबी, अस्थिमज्जा किंवा बाळाची नाळ यांतून त्या काढतात. शहरांतली बहुतेक ‘स्टेम सेल सेंटर’ याच पेशी वापरतात.

तिसरी, भ्रूणापासून मिळवलेल्या पेशी. त्या प्रयोगशाळांत आणि परदेशी चाचण्यांत सापडतील, आपल्याकडच्या सेंटरात सहसा नाहीत.

चौथी, आयपीएस पेशी, म्हणजे मोठ्या माणसाची साधी पेशी उलटी नेऊन पुन्हा मूलपेशीसारखी केलेली. नोबेल मिळाले ते याला.

पीआरपी यात बसतच नाही. तुमचेच रक्त फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग गुडघ्यात टोचणे म्हणजे पीआरपी. तिला स्टेम सेल म्हणणारा माणूस अजाण असेल किंवा फार हुशार.

तेव्हा फोनवरच विचारा: “पेशी कशातून काढणार? माझ्या की दुसऱ्याच्या? लॅबमध्ये वाढवणार की लगेच टोचणार?” सकाळी पोटाची चरबी काढून दुपारी टोचतो असे उत्तर आले, तर आयपीएस, जपान, नोबेल यांतले काही तिथे नाही हे तिथल्या तिथे कळले. कारण आयपीएस पेशी एका दिवसात होत नाही, एका महिन्यातही होत नाही.

कातडीची पेशी मागे कशी नेतात

शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत संपूर्ण डीएनए असतो. कातडीच्या पेशीत हृदयाचीही माहिती असते आणि मेंदूचीही, फक्त ती बंद करून ठेवलेली असते. पेशी एकदा कातडीची झाली की ती परत फिरत नाही, असे पूर्वी मानत. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन गर्डन यांनी १९६२ साली बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचे केंद्रक, म्हणजे डीएनए असलेला गाभा, घेतले आणि स्वतःचे केंद्रक काढून टाकलेल्या अंड्यात घातले. त्यातून पोहणारे पिल्लू तयार झाले. माहिती पुसली गेलेली नाही, ती फक्त मिटलेली आहे, एवढे त्यातून दिसले.

जपानमधील क्योटो विद्यापीठातले शिन्या यामानाका आणि त्यांचे सहकारी काझुतोशी ताकाहाशी यांनी पुढे प्रश्न केला की अंडे न वापरता हे जमेल का. त्यांनी २४ जनुके निवडली आणि एकेक वगळत कुठल्यांवाचून काम अडते ते पाहिले. शेवटी चार उरली: ऑक्ट-३/४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक. ही चार उंदराच्या साध्या पेशीत घातली की ती मूलपेशीसारखी वागू लागते, हे २००६ साली प्रसिद्ध झाले. २००७ मध्ये माणसाच्या पेशींतही तेच साधले. त्याच सुमारास अमेरिकेत जेम्स थॉमसन यांच्या गटाने थोड्या वेगळ्या चार जनुकांनी तेच केले. २०१२ चे नोबेल गर्डन आणि यामानाका यांना विभागून मिळाले. गुळाच्या ढेपेतून पुन्हा रुजणारे उसाचे कांडे निघावे, इतका हा उलटा प्रवास आहे.

प्रत्यक्ष कामाला सुरुवात होते हातावरून तीन-चार मिलिमीटर कातडीचा तुकडा घेऊन किंवा थोडे रक्त काढून. त्यातल्या पेशी ३७ अंश सेल्सिअसला, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या कपाटात वाढवतात. मग ती जनुके आत पोहोचवायची. सुरुवातीला यासाठी वापरलेले विषाणू पेशीच्या डीएनएत कायमचे शिरून बसत. यात धोका आहे, कारण चारांपैकी सी-मिक हे जनुक कर्करोगाशी जोडलेले आहे. म्हणून आता सेंडाई विषाणू किंवा प्लास्मिड (डीएनएची छोटी कडी) वापरतात. ते डीएनएत शिरत नाहीत आणि पेशी वाढत गेल्या की हळूहळू नाहीसे होतात.

पुढचे तीन-चार आठवडे नुसती वाट पाहायची. बहुतेक पेशी बदलतच नाहीत, हजारांतली एखादीच बदलते. तिच्यापासून सपाट, कडा स्पष्ट असलेली वसाहत तयार होते. अशा वसाहती सूक्ष्मदर्शकाखाली एकेक उचलून वेगळ्या वाढवतात.

आता तपासण्या. गुणसूत्रे जागच्या जागी आहेत का, घातलेली जनुके खरोखर निघून गेली का, मूलपेशीची प्रथिने पेशीवर दिसतात का, मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा संसर्ग तर नाही ना, पेशी मूळ दात्याचीच आहे ना. लॅबमधल्या डब्यांची अदलाबदल ही गंमत नव्हे, म्हणून डीएनए जुळवूनच पुढे जातात. यातली एकही तपासणी चुकली तर ती बॅच फेकून देतात.

मागे नेलेली पेशी पुढे आणणे, आणि खरा धोका

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. आयपीएस पेशी थेट माणसात कधीच टोचत नाहीत. ती कुठलीही पेशी होऊ शकते, हाच तिचा गुण आणि हाच दोष. तशीच शरीरात घातली तर तिच्यातून टेराटोमा नावाची गाठ होते, जिच्यात केस, हाड, दात अशा कशाच्याही पेशी एकत्र सापडतात. खरे तर पेशी मूलपेशीसारखी झाली की नाही हे तपासायला उंदरात अशी गाठ मुद्दाम वाढवून पाहण्याची पद्धत आहे.

म्हणून लॅबमध्येच तिला आधी हव्या त्या पेशीपर्यंत पुढे आणावे लागते. ठरावीक दिवशी ठरावीक रसायन, पुढच्या टप्प्यावर दुसरे. डोळ्याच्या पडद्यामागचा रंगद्रव्याचा थर बनवायला काही महिने जातात. पार्किन्सनसाठी मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी होण्याच्या जरा आधीच्या अवस्थेपर्यंत आणून त्या वेगळ्या काढतात. शेवटच्या मालात मागे राहिलेली एकही आयपीएस पेशी नको, याची तपासणी सगळ्यांत कडक असते.

यावरून पुढचा प्रश्न सुचतो: “टोचताना पेशी कुठल्या अवस्थेत असेल? उरलेल्या मूलपेशी नाहीत हे कुठल्या तपासणीने ठरवले? तो रिपोर्ट मला मिळेल का?” यावर ‘शरीराला कळते काय बनायचे ते’ असे उत्तर आले तर उठून या. एकच सलाईन लावले की पेशी गुडघ्यात जाऊन गुडघा होतात आणि मेंदूत जाऊन मेंदू, असे घडत नाही. शिरेतून दिलेल्या मेसेन्कायमल पेशींतल्या बऱ्याचशा आधी फुप्फुसांतच अडकतात.

‘तुमच्याच पेशी आहेत, अपाय कसला?’ हे वाक्य हमखास ऐकू येईल. अमेरिकेतल्या फ्लोरिडामध्ये २०१५ साली तीन वयस्कर स्त्रियांनी पडद्याच्या आजारासाठी पैसे भरून स्वतःच्याच चरबीतल्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या. तिघींचीही दृष्टी गेली. २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात त्याची सविस्तर नोंद आली. एका डोळ्यात करून काही महिने वाट पाहण्याचीही तसदी तिथे कुणी घेतली नव्हती. डोळ्यांचा कुठलाही नवा उपचार एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत करतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. हा नियम स्टेम सेलपुरताच नाही.

आजवर खरोखर कुणाला काय मिळाले

सप्टेंबर २०१४ मध्ये जपानमधील कोबे येथे मासायो ताकाहाशी यांच्या गटाने सत्तरी ओलांडलेल्या एका स्त्रीच्या डोळ्यात तिच्याच कातडीपासून बनवलेला रंगद्रव्य पेशींचा पातळ थर बसवला. आयपीएस पेशींपासून बनलेले ऊतक माणसात बसवण्याची ती पहिली वेळ. तिची दृष्टी वाढली नाही, पण वर्षभर घसरलीही नाही. दुसऱ्या रुग्णाच्या पेशी तयार होत्या, मात्र त्यांत जनुकीय बदल आढळले म्हणून त्या बसवल्याच नाहीत. मला यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. पेशी तयार होत्या, रुग्ण थांबला होता, साऱ्या जगाचे लक्ष होते, तरी ते थांबले.

क्योटोमध्ये पार्किन्सनच्या सात रुग्णांच्या मेंदूत दात्याच्या आयपीएस पेशींपासून बनवलेल्या पेशी घातल्या, त्याचे निष्कर्ष एप्रिल २०२५ मध्ये आले. गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत. परिणाम तपासलेल्या सहांपैकी चौघांच्या हालचाली, गोळ्यांचा असर उतरलेला असतानाही, आधीपेक्षा सुधारल्या होत्या. चांगली बातमी आहे. पण रुग्ण सातच होते, आणि पेशी दुसऱ्याच्या असल्याने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बरेच महिने घ्यावी लागली.

मधुमेहाच्या बाबतीत चीनमधल्या एका उदाहरणाचा व्हिडिओ बराच फिरतो. २५ वर्षांच्या एका तरुणीच्या चरबीतल्या पेशी रसायनांनी मागे नेऊन त्यांपासून इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचे पुंजके बनवले आणि पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली ठेवले. सुमारे अडीच महिन्यांनी तिचे इन्सुलिन सुटले. हे २०२४ साली प्रसिद्ध झाले. व्हिडिओत दोन गोष्टी सांगत नाहीत: तिला टाइप १ मधुमेह होता, आणि आधीच्या यकृत प्रत्यारोपणामुळे ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेतच होती. आपल्याकडे चाळिशीनंतर जी ‘शुगर’ लागते ती बहुधा टाइप २ असते. तिच्यात इन्सुलिन बनते, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही. त्या आजाराला हे उदाहरण लावताच येत नाही.

भारतात काय? बेंगळुरूच्या आयस्टेम या कंपनीने आयपीएस पेशींपासून डोळ्याच्या रंगद्रव्य थराच्या पेशी बनवल्या आहेत. उतारवयात मध्यभागी अंधारी येणाऱ्या आजाराच्या कोरड्या प्रकारासाठी त्यांची माणसांवर पहिल्या टप्प्याची चाचणी घ्यायला २०२४ साली औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. पहिला टप्पा म्हणजे सुरक्षितता पाहणे. ‘उपचार उपलब्ध’ असा त्याचा अर्थ लावू नका.

आयपीएस पेशींचा सगळ्यांत मोठा वापर आज रुग्णात घालण्यासाठी नाहीच. रुग्णाच्या रक्तापासून त्याच्याच आजाराच्या पेशी डब्यात वाढवायच्या आणि त्यांच्यावर औषधे तपासायची, हा तो वापर. बेंगळुरूत इनस्टेम, एनसीबीएस आणि निम्हान्स या संस्थांनी मिळून गंभीर मानसिक आजार असलेल्या कुटुंबांच्या पेशींपासून अशा आयपीएस पेशी तयार केल्या आहेत. असा नमुना कुणी मागितला तर द्यायला हरकत नाही, पण दोन गोष्टी विचारून घ्या: उद्या यातून कंपनीने औषध काढले तर नमुन्यावर हक्क कुणाचा, आणि आनुवंशिक दोष सापडला तर तो घरच्यांना कळवणार का.

कायदा काय म्हणतो

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचे रोपण हा प्रस्थापित उपचार. बाकी सगळे संशोधन, आणि ते फक्त मंजूर चाचणीतच करायचे. चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. २०१९ च्या नव्या औषध व चाचणी नियमांनुसार मूलपेशींपासून बनवलेले उत्पादन ‘नवे औषध’ धरले जाते, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रकांच्या परवानगीशिवाय ते विकता येत नाही.

अशी परवानगी मिळालेले एक उत्पादन आहे आणि त्याचा तंबाखूच्या निपाणीशी नकळत संबंध लागतो. बेंगळुरूच्या एका कंपनीचे स्टेम्प्युसेल हे दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या मेसेन्कायमल पेशींचे औषध पायाच्या रक्तवाहिन्या बंद होण्याच्या गंभीर आजारासाठी मान्य झाले आणि नंतर गुडघ्याच्या झिजेसाठीही. पायाच्या त्या आजाराचा एक प्रकार म्हणजे बर्जर्स. तो तंबाखू-विडीवाल्यांनाच होतो म्हटले तरी चालेल: तरुण वयात बोटे काळी पडतात, चालताना पोटरी धरते, रात्री झोप लागत नाही. निपाणी भागात असा पाय घरात असेल तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनला या औषधाबद्दल विचारण्यात काही गैर नाही. पण विडी सुटली नाही तर कुठलीही पेशी तो पाय वाचवणार नाही, हे तोच सर्जन आधी सांगेल. आणि हे औषध आयपीएस नव्हे.

ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ साली कळवले आहे. लहान मुलाच्या आईबापांना सगळ्यांत जास्त याच आजारासाठी गाठले जाते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. जाहिरातीचेही तसेच. मधुमेह, अंधत्व, पक्षाघात बरे करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या जादूटोणा-छाप औषधांविरुद्धच्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे.

मोबाइलवर सीटीआरआय कशी बघायची

“आमची चाचणी सरकारमान्य आहे” असे सांगितले तर नोंदणी क्रमांक मागा. तो ‘सीटीआरआय’ अक्षरांनी सुरू होतो, मग वर्ष, मग महिना, मग आकडा. क्रमांक तोंडी नको, कागदावर किंवा मेसेजमध्ये घ्या. सीटीआरआय ही वैद्यकीय चाचण्यांची आयसीएमआरची सार्वजनिक नोंदवही आहे. तिच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून शोधले की पान उघडते. पान इंग्रजीत असते. घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा आणि एवढे वाचून घ्या.

आजाराचे नाव तुमच्याच आजाराचे आहे का? केंद्रांच्या यादीत तुम्हाला बोलावणारे हॉस्पिटल आहे का? पुण्यातल्या एका संस्थेचा क्रमांक भलत्याच गावातल्या क्लिनिकच्या भिंतीवर लावलेला असू शकतो. भरती ‘चालू’ आहे की ‘पूर्ण’? नीतिमत्ता समितीची मान्यता आहे का, आणि औषध नियंत्रकांच्या परवानगीच्या रकान्यात काय लिहिले आहे? तिथे ‘लागू नाही’ असेल आणि पेशी लॅबमध्ये वाढवून टोचणार असतील, तर कारण विचारा. रुग्णांची संख्या किती, तुलनेसाठी दुसरा गट आहे का, हेही पाहा.

एक सावधगिरी. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. नोंदवहीत नाव घालणे आणि उपचार सिद्ध होणे यांत पुष्कळ अंतर आहे. नोंदणी नसेल तर दार बंद. असेल तर चौकशीला सुरुवात, एवढेच. याशिवाय स्टेम सेलवर संशोधन करणाऱ्या संस्थेत त्यासाठीची वेगळी समिती लागते. तिची मान्यताही दाखवायला मागता येते.

खरी चाचणी कशी असते हे पाहायला जपानला जायची गरज नाही. बाळंतीण झाल्यावर होणारा अतिरक्तस्राव टाळायला मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या कितपत उपयोगी पडतात, याची मोठी चाचणी बेळगाव जिल्ह्यातल्या गावांत झाली. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे डॉक्टर तिच्यात होते, गोळ्या द्यायचे काम आरोग्य केंद्रांच्या नर्सबाईंनी केले. १६२० बायका सहभागी होत्या, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी नुसती गोळी. कुणाला कुठली हे कुणालाच ठाऊक नव्हते. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगभर वापरले गेले. आपल्याच तालुक्यांतल्या बायकांच्या भरवशावर ते ज्ञान उभे आहे. समोरच्या क्लिनिकची चाचणी याच्या शेजारी ठेवून बघा: तुलनेचा गट कुठे आहे, निष्कर्ष कुठे छापले?

संमतीपत्र मराठीत मागा

संमतीपत्र सहभागी माणसाला समजेल अशा भाषेत असले पाहिजे, हा नियम आहे. इथे कन्नड की मराठी हा वाद घालायचा नाही, तो घालायला बाकीच्या जागा भरपूर आहेत. आजीला मराठी समजते तर कागद मराठीत हवा, आजोबांना कन्नड समजते तर कन्नडमध्ये. इंग्रजी कागदावर “इथे, इथे आणि इथे सही करा” म्हटले तर कागद घरी न्यायला मागा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवताना त्रयस्थ साक्षीदार असावा लागतो, आणि सही केलेली प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे.

त्यात शोधायचे ते असे: हा प्रयोग आहे असे स्पष्ट लिहिले आहे का, दुष्परिणाम झाला तर उपचार मोफत आणि नुकसानभरपाई कोण देणार, मध्येच बाहेर पडता येईल का, नीतिमत्ता समितीचा फोन नंबर कुठला. ‘पैसे परत मिळणार नाहीत’ हे वाक्य ठळक अक्षरांत असेल आणि वरच्या चारांतले काहीच नसेल, तर तो कागद तुमच्या नव्हे, क्लिनिकच्या संरक्षणासाठी आहे.

जिथे मूलपेशींचा उपचार खरोखर आहे तिथे वेळ घालवू नका

मुलाला थॅलेसेमिया किंवा ॲप्लास्टिक ॲनिमिया असेल तर स्टेम सेलच्या नावाने बिचकू नका. तिथे ट्रान्सप्लांट हाच बरे होण्याचा मुख्य मार्ग असतो आणि उशीर नुकसान करतो. सख्ख्या भावंडाचे एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येकी चारांत एक. भावंडांची तपासणी आधी करून घ्या. जुळले नाही तर दात्री यांसारख्या दात्यांच्या नोंदवहीत शोध घेता येतो. वेल्लोरचे सीएमसी हॉस्पिटल या कामात देशातले जुने नाव आहे. बेळगावहून बेंगळुरू आता वंदे भारतनेही एका दिवसाच्या आत येते आणि तिथेही केंद्रे आहेत. खर्चासाठी कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना आहे. पात्र मुलांना ठरलेल्या हॉस्पिटलांत १० लाखांपर्यंत मदत मिळते. अर्जाची माहिती त्या हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात मिळते, एजंट लागत नाही.

सरकारी योजनांचा सीमाभागातला गुंता वेगळाच. कर्नाटकची आयुष्मान आरोग्य योजना आहे, आणि महाराष्ट्राने २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना जाहीर केल्यावर दोन्ही सरकारांत त्यावरून वादही झाला. भांडण त्यांचे त्यांना करू द्या. दोन्हीकडचे कागद एका फाइलमध्ये ठेवा आणि हॉस्पिटलच्या योजना कक्षात दाखल होण्याआधी विचारा.

चुन्याने भाजलेल्या डोळ्यांची गोष्टही इथेच सांगायला हवी. तंबाखूची चुन्याची पुडी किंवा डबी दाबताना पोरांच्या डोळ्यात उडते आणि बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी जळतात. त्या गेल्या की बुबुळ पांढरे पडत जाते. चांगल्या डोळ्याच्या कडेचा बारीकसा तुकडा घेऊन त्या पेशी पुन्हा लावण्याची शस्त्रक्रिया आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने तिची एक सोपी पद्धत २०१२ साली मांडली. मात्र घरी लगेच जे करायचे ते याहून मोठे: स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान अर्धा तास डोळा धुवायचा, पापणीखालचे चुन्याचे कण काढायचे आणि मग धावायचे. आधी दवाखाना, मग पाणी असे करू नका.

नाळेतले रक्त खासगी बँकेत ठेवण्याबद्दल थोडक्यात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१८ साली ‘जैविक विमा’ म्हणून त्याची भलामण करणे चूक ठरवले आहे. बाळाला आनुवंशिक आजार झालाच तर त्याच्या नाळेतल्या पेशींतही तोच दोष असतो. दाताचा गर, पाळीचे रक्त असले काही साठवण्यालाही २०१७ च्या तत्त्वांत मान्यता नाही.

पैसे भरून झाले असतील तर

लाजू नका आणि कागद फाडू नका. पावती, पत्रक, व्हॉट्सॲपचे मेसेज, डिस्चार्ज कार्ड, टोचलेल्या पेशींची बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो, सगळे एकत्र करा. तुमची संपूर्ण केस फाइल लेखी अर्जाने मागा. ती मिळणे हा तुमचा हक्क आहे. ताप, सूज, दृष्टी कमी होणे, नवीन गाठ यांपैकी काही दिसले तर पहिल्यांदा दुसऱ्या हॉस्पिटलात जा आणि काय टोचले ते स्पष्ट सांगा.

तक्रार कुठे करायची हे क्लिनिक कुठल्या बाजूला आहे त्यावर ठरते. बेळगाव, हुबळीकडचे असेल तर डॉक्टरविरुद्ध कर्नाटक मेडिकल कौन्सिल, आणि दवाखान्याविरुद्ध खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचे जिल्हा प्राधिकरण. कोल्हापूर, मिरज, पुणे, मुंबईचे असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. परवानगीशिवाय पेशी विकल्याबद्दल दोन्हीकडून केंद्रीय औषध नियंत्रकांना लिहिता येते.

पैशांसाठी ग्राहक आयोग. इथे सीमाभागातल्या माणसाच्या सोयीची एक गोष्ट २०१९ च्या कायद्याने केली आहे: क्लिनिक कुठेही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे मुंबईच्या सेंटरला बेळगावात हजर व्हावे लागते. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, अर्ज ऑनलाइनही होतो, आणि वकील लावलाच पाहिजे असे नाही. मुदत दोन वर्षांची. ‘आणखी एक डोस घेऊन बघा, मग फरक पडेल’ असे म्हणत ती मुदत संपवणारी सेंटरे आहेत, तेव्हा तारीख पावतीवरच लिहून ठेवा.